शिराळीखालचा बोर्ड

हिरादादा, गेल्या आठवड्यात तुझी शोकसभा झाली. तू नव्हतास ते फार बरं झालं. असतास तर अर्ध्यातून उठून बांधावर जाऊन बसला असतास, आणि जाताना माझ्याकडे असं बघितलं असतंस की मला खुर्चीत बसवलं नसतं. तू नव्हतास म्हणून मी बसलो. शेवटपर्यंत बसलो.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. आमच्या खात्याच्या दोन गाड्या आल्या होत्या. बघ, रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी तोंडातून ‘आमचं खातं’च निघतं. मोठे साहेब नवीन आहेत. त्यांनी तुला जिवंतपणी एकदाही पाहिलेलं नाही, त्यामुळे तुझ्याबद्दल बोलताना त्यांना काहीच अडचण आली नाही. मोबाईलवर बघून वाचत होते. मृदा काय, पुनरुज्जीवन काय, भावी पिढ्या काय! मग म्हणाले, ‘‘रासायनिक खतांच्या विळख्यात सापडलेल्या एका सामान्य शेतकऱ्याला आपल्या योजनेने हात दिला, आणि त्याची मरणपंथाला लागलेली जमीन पुन्हा जिवंत झाली.’’ यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मेलेल्या माणसाला तरी सोडा, असं म्हणायला तिथे कुणाची जीभ उचलली नाही, माझीसुद्धा नाही.

भाषण संपल्यावर साहेबांना तुझ्या शेतातली माती ओंजळीत घेऊन फोटो काढायचा होता. पण भादव्यातलं भाताचं खाचर, घोट्याएवढा चिखल. साहेबांच्या पायात बूट. मग कुणीतरी धावत जाऊन शाळेच्या व्हरांड्यातली तुळशीची कुंडी उचलून आणली आणि त्यातली मूठभर माती साहेबांच्या हातावर ठेवली. फोटोखाली नाव येईल तुझ्या शेताचं. ती माती कुणा मुलांनी नर्सरीतून आणली असेल, देव जाणे. वहिनी पुढच्या खुर्चीत बसली होती. ती बघत होती त्या रिकाम्या होत चाललेल्या कुंडीकडे.

शेवटी मला बोलायला उभं केलं. ‘‘हिराजींचे जुने मार्गदर्शक!’’ असं म्हणाले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘फार मनमिळाऊ माणूस होता.’’ तू आणि मनमिळाऊ! पस्तीस वर्षांत तुझं माझं एका गोष्टीवर एकमत झालं नाही. तरी मी ते बोललो, नमस्कार केला आणि खाली बसलो. खरं बोलायला दोन मिनिटं पुरली असती. ती दोन मिनिटं माझ्याजवळ होती आणि मी ती अशी घालवली. आता घरी रोह्यात बसून, दार लावून, तुझ्याशी बोलतोय. माझ्यासारख्या माणसाची हिंमत अशीच असते, ज्याला ऐकू जाणार नाही त्याच्यासमोर.

तुला आठवतं, मी तुझ्या गावात पहिल्यांदा आलो ते? नवा कृषी सहाय्यक, खांद्याला झोळी, झोळीत कापडी पिशव्या आणि डोक्यात ट्रेनिंगमधलं सगळं ज्ञान. मे महिना होता. गागोद्याकडून येणारी एसटी मला फाट्यावर टाकून गेली. मातीचे नमुने घ्यायचे होते. नियम असा की शेतात ठिकठिकाणी खड्डे घ्यायचे आणि सगळी माती मिसळायची. पण तुमची उन्हाळ्यातली खाचरं म्हणजे दगड. कुदळ मारली तर हाताला मुंग्या. शोधता शोधता एका कोपऱ्यात मऊ, काळी, भुसभुशीत जागा सापडली. म्हटलं, वा! तिथलीच माती भरली आणि घामाघूम होऊन निघालो.

महिन्याभराने कागद आला. पालाश एवढं की साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे शेत आहे की काय आहे. मी तुझ्याकडे कागद घेऊन धावलो. तू विचारलंस, ‘‘माती खयची घेतलीस?’’ मी कोपरा दाखवला. तू जो हसायला लागलास तो खाली बसलास. आतून वहिनी बाहेर आली काय झालं म्हणून. ती माझी सुपीक जागा म्हणजे तुझा राब होता. भाताची रोपं टाकायची तिथे तुम्ही उन्हाळ्यात शेण, पाला, तोडलेल्या फांद्यांचे टाळ अंथरून भाजता, ते माझ्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलंच नव्हतं. ‘‘अरे मातीवाल्या,’’ तू म्हणालास, ‘‘माजी चूल तपासून आनलीस तू सरकारकडून! राख चांगली हाय ना माजी? छान हाय ना?’’ त्या दिवसापासून मी मातीवाला. गावातल्या पोरांपर्यंत तेच नाव गेलं. मला राग यायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी तू स्वतः पहार घेऊन आलास आणि आठ ठिकाणी खड्डे मारून दिलेस, आणि मग आपली गाडी जी सुरू झाली ती सुरू झाली.

त्या राबावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, दादा, पाला जाळू नकोस, कुजव, मातीला चटका बसतो. तू म्हणायचास, ‘‘तू भाकर भाजल्याबिगर खातोस काय?’’ मी म्हणायचो, दोन्हीचा संबंध काय? तू म्हणायचास, ‘‘तन मरतो. तू येशील काय माज्या राबातला तन काढायला?’’ दर उन्हाळ्याला हेच. आपलं हे भांडण अजून मिटलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

आणि युरिया! अरे देवा. त्या काळात खात्याचा हुकूम होता, शेतकऱ्याला युरिया वापरायला शिकवा. फुकट गोणी देत होतो प्रात्यक्षिकाची. तुझ्या ओटीवर मी स्वतः एक गोणी आणून ठेवली होती. तू तिला हात लावला नाहीस. पावसात ती दगड झाली. शेवटी तू खळ्यावर बसायला तिचा स्टूल केलास, आणि मी साहेबांना अहवाल लिहिला की शेतकऱ्याने गोणीचा उपयोग केला. खोटं नव्हतं ते! तेव्हा आपण दोघं किती हसलो होतो. आता मला कळतं की माझं लिहिणं तिथूनच सैल व्हायला लागलं होतं.

तू काय करायचास ते मी पस्तीस वर्षं पाहिलं. भात कापलं की ओल सुकायच्या आत वाल टाकायचास. लावणीच्या आधी बांधावरच्या उंदीरमारीचा पाला तोडून चिखलात तुडवायचास. घाटावरच्या धनगरांच्या मेंढ्या उतरल्या की त्यांच्या मागे लागून लेंडीखतासाठी दोन रात्री तरी आपल्या शेतात बसवायचास. एकदा मी नत्राबद्दल भाषण ठोकत होतो, तर तू वालाचं एक रोप उपटलंस आणि मुळांवरच्या बारीक गाठी माझ्या नाकाखाली धरून म्हणालास, ‘‘ह्ये माजं खताचं दुकान. उघडं असतंय सदा, वर रांग नाय.’’ तुझ्या खाचरात मुठे होते, शेतातले खेकडे. चालताना पायाखालून तिरके पळायचे. गावातल्या इतर शेतांतून ते कधीच गेले, तुझ्या शेतात राहिले. याला प्रमाणपत्र लागतं का? आमच्या खात्याला लागतं.

मग वारं फिरलं. वीस-पंचवीस वर्षं ज्या तोंडाने आम्ही युरिया घ्या म्हटलं, त्याच तोंडाने युरिया सोडा म्हणायला लागलो. जमीन वाचवायची, सेंद्रिय शेती करायची, गट करायचे. हुकूम वरून आला आणि पुन्हा मीच झोळी घेऊन निघालो, तेवढं मात्र बदललं नाही. योजना वाईट होती असं मी म्हणणार नाही. मातीसाठी सरकारने हात सैल सोडला तर वाईट काय? पण कामाची रीत बघ. शेजारच्या गटाला लावणीआधी चिखलात गाडायच्या तागाचं बियाणं आलं ते लावणी उरकून गणपती बसल्यावर. प्लास्टिकच्या हौदात सोडायला गांडुळं आली ती वाटेतच मेलेली. तू पिशवीत डोकावून म्हणालास, ‘‘माज्या शेतात हायेत ती गांडुळं काय सुट्टीवर हायेत?’’ मी हसलो नाही. मला नव्या गटाच्या फॉर्मवर तुझी सही हवी होती ना!

गटाला सलग क्षेत्र लागत होतं आणि तुझं शेत नेमकं मध्ये. तुझ्याशिवाय दोन्हीकडची शेतं जुळत नव्हती. मार्चअखेर डोक्यावर. मी फॉर्म घेऊन आलो. त्यात एक रकाना होता, रासायनिक खतांचा पूर्वीचा वापर. तू म्हणालास, लिही, नाय. मी ‘नाही’ लिहिलं आणि ऑफिसात नेलं, तर साहेबांनी फॉर्म माझ्या अंगावर टाकला. म्हणाले, ही योजना रासायनिकवरून सेंद्रियवर येणाऱ्यांसाठी आहे. हा माणूस कुठूनच येत नाही, तर याला आणायचं कुठे? म्हणजे जमीन नासवली असतीस तर तू पात्र होतास. राखलीस म्हणून अपात्र. दारू सोडली त्याचा सत्कार, आणि जो कधी प्यायलाच नाही त्याला म्हणायचं, आधी गुत्त्यावर जाऊन या.

मी परत तुझ्याकडे आलो. म्हटलं, दादा, कागदावर टाकू या, वर्षाला दोन गोण्या. कुणाचं काय जातं? तू पान लावत होतास. हात थांबला. ‘‘पहिल्यांदा तुमी बोल्लात खा. मी नाय खाल्लं. आता बोलता ओक. खाल्लंच नाय त ओकू काय, मातीवाल्या?’’ मी पुष्कळ समजावलं. हौद मिळेल, बियाणं मिळेल, बाजूच्या सगळ्यांचं भलं होईल. तू एकच वाक्य बोललास, ‘‘माज्या मातीवर मी खोटा आळ घेनार नाय.’’ आणि पान तोंडात टाकलंस, म्हणजे विषय संपला.

पण मी विषय संपवला नाही. आठ दिवसांनी मी पुन्हा आलो. तू गुरांना पाणी दाखवत होतास, चष्मा घरात. मी म्हटलं, दादा, माती परीक्षणाचा कागद आहे, यंदाचा, इथे सही दे. तू विचारलंस फक्त, ‘‘खयं करू?’’ मी बोट ठेवलं. तू हात धोतराला पुसलास आणि सही केलीस. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची गोल, सावकाश सही. दोन गोण्या मी नंतर लिहिल्या, एसटी स्टँडवर बसून, माझ्या हाताने.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती, बढतीही मिळणार नव्हती. साहेब पाठीवर थाप मारून ‘शाब्बास’ म्हणाले, एवढंच मला मिळालं. लाच खाणारा माणूस माझ्यापेक्षा बरा, त्याला निदान आपली किंमत माहीत असते.

पुढे बोर्ड आला. मजकूर मीच लिहिला. ऑफिसच्या भाषेत मी पहिल्यापासून हुशार. रंगवला जोह्याच्या, गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या पेंटरने. गणपतीचा मोसम सरला होता, हात रिकामे होते त्याचे. देवाचे डोळे आखणाऱ्या माणसाकडून मी लिहून घेतलं, ‘रासायनिक खतांच्या अतिवापराने निर्जीव झालेली ही जमीन योजनेच्या साहाय्याने पुन्हा सजीव होत आहे’, आणि खाली तुझं नाव, लाभार्थी म्हणून. रस्त्याच्या बाजूने, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा. तू ते उभं राहून वाचलंस, असं मला नंतर कळलं. अक्षर अक्षर लावून. शेजारचे हसले म्हणे, ‘‘काय रे हिराजी, चोरून मारीत होतास व्हय?’’ आणि पेणच्या बाजारात वहिनी वाल घेऊन बसली तेव्हा रोजच्या एका गिऱ्हाइकाने वाल हातात घेऊन परत ठेवले. तिने एसटीतून बोर्ड वाचला होता. ज्या वालासाठी बायका इतर टोपल्या ओलांडून वहिनीपाशी यायच्या, ते वाल!

मग तू रोह्याला माझ्या घरी आलास. पहिल्यांदा आणि शेवटचा. तू कधी रिकाम्या हाताने कुठे जायचा नाहीस, त्या दिवशी रिकामा आलास. चहा आणला तर पेल्याकडे बघितलंही नाहीस. ‘‘साहेब,’’ तू म्हणालास, ‘‘तुमी माज्या मातीची बदनामी केलीत.’’ साहेब! तुमी! मला शिवी दिली असतीस तर मी वाचलो असतो. मी काय म्हणालो आठवतं? मी म्हणालो, ‘‘अरे दादा, कागदच तो, एवढं काय मनाला लावून घेतोस?’’ तू म्हणालास, ‘‘मानसावर आळ आला त तो चावडीवर तरी उभा ऱ्हातो. माती खयं जाईल?’’ आणि चपला घालून एसटी स्टँडकडे चालायला लागलास. मी दारात उभा राहिलो. हाक मारावी असं वाटलं. तू वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी नुसतंच वाटून घेतलं.

त्यानंतर सहा वर्षं. भेटलास की, ‘‘बरं हाय ना, साहेब?’’ बस्स. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या त्या पोपटीला बोलावणं बंद. तरी शेंगांची पिशवी यायची, वहिनीच्या हातून, एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली. दरवर्षी. त्यात चिठ्ठी नसायची. मला वाटायचं, वहिनीला माझी दया येते.

माफी मी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू. दिवाळीला जाऊन मागू. तू अजून रागावला आहेस, राग निवेल, मग मागू. मूर्ख माणूस! मातीत काय किती उरलंय ते मोजून मी पस्तीस वर्षं तक्ते भरले, आणि तुझं आयुष्य किती उरलंय याचा हिशोब मला आला नाही.

दहाव्याला मी आलो होतो, तुला कळलं का माहीत नाही. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. इकडे तिकडे बघायलाही वेळ दिला नाहीस. लोक म्हणाले, बघा, कसली इच्छा मागे ठेवली नाही, भाग्यवान माणूस. सगळे समाधानाने हात धुवायला गेले. मी मात्र मनातून पेटलो. मी तिथे तयार उभा होतो रे! कावळा अडला असता तर मी पुढे होऊन बोलणार होतो, हिरादादा, तो बोर्ड मी काढतो. तोंडावर आलेलं वाक्य होतं. पण तुला माझ्याकडून काही नकोच होतं. इतकं परकं करून गेलास.

शोकसभा झाल्यावर गाड्या गेल्या. साहेब जाताना वहिनीला सांगून गेले की तुझं नाव जिल्ह्याच्या पुरस्काराला पाठवताहेत, मरणोत्तर, शाल आणि श्रीफळ मिळेल. वहिनी म्हणाली, ‘‘शाल हाय माज्याकडं.’’ साहेबांना त्याचं कौतुक वाटलं. मग ती मला म्हणाली, ‘‘भाऊजी, शेतावर येता?’’

गेलो. मी सहा वर्षं त्या रस्त्याने जाताना एसटीत मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसत होतो, म्हणून मला काहीच माहीत नव्हतं. बोर्ड दिसेना. जिथे बोर्ड होता तिथे शिराळीचा वेल होता. दोन्ही खांबांवरून चढलेला, पत्र्यावर पसरलेला, पिवळी फुलं, आणि वीतभर लांबीची शिराळी लोंबत होती. एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी विचारलं, ‘‘हे कुणी लावलं?’’

‘‘कोन लावील?’’ वहिनी म्हणाली. ‘‘ज्या साली बोर्ड लागला त्याच साली ह्येंनी बी टाकली. दर साल टाकतात. पावसात शिराळी, थंडीत घेवडा. उन्हाळ्यात तेवडा उघडा पडतो.’’

मी म्हटलं, ‘‘उपटून का नाही टाकला? गाव होतं की त्याच्या बाजूने.’’

वहिनी म्हणाली, ‘‘पोरं निघालेली कुऱ्हाड घेऊन. अर्ज बी लिवलेला वरती, खोटं लिवलंय म्हनून. ह्येंनी फाडला. बोल्ले, चौकशी लागंल. त्याचं पेन्शन जाईल. मातीवाला येडा हाय, पन माजा हाय.’’

मी बांधावर बसलो. या वयात रडणं बरं दिसत नाही, पण रडलो. तू माझ्या तोंडावर साहेब म्हणत होतास आणि माझ्या पाठीमागे मातीवाला. हे मला सहा वर्षांत एकदा तरी सांगायचंस, दादा! मी तुझ्यावर रागावलोय. एवढा मोठेपणा माणसाने एकट्याने करू नये, दुसऱ्याला लाज झाकायला जागा उरत नाही.

वहिनीने माझं रडणं आटपू दिलं. मग सहज म्हणाली, की गेली दोन सालं तू अर्ध्याच राबाला आग देत होतास. अर्धा तसाच, न भाजता, पाला कुजवून. ‘‘मातीवाला बोलतो त्यात काय हाय ते बघू,’’ असं म्हणून. मी डोळे पुसून विचारलं, मग रोप कुठलं चांगलं आलं? भाजलेलं की न भाजलेलं? ती म्हणाली, ‘‘मी इचारलं. नुसते हसले. बोल्ले, त्याला सांगू नको.’’

बघ! म्हणजे ते भांडणही तू असं लटकत ठेवून गेलास.

परवा मी ऑफिसात गेलो. अर्ज घेऊन. मी अमुक अमुक, निवृत्त कृषी सहाय्यक, कळवतो की सदर शेतकऱ्याची सही मी फसवून घेतली, खतांची नोंद मी खोटी केली, ती दुरुस्त व्हावी आणि बोर्डावरचा मजकूर पुसला जावा. क्लार्कने वाचलं. माझ्याच हाताखाली तयार झालेला आहे तो. खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, ‘‘साहेब, पेन्शन व्यवस्थित चालू आहे ना? मग कशाला अंगाला लावून घेता?’’ मी म्हटलं, तू अर्ज घे. त्याने आत नेला. आतून उत्तर आलं, नोंदीत दुरुस्ती हवी असेल तर लाभार्थ्याने स्वतः अर्ज करावा लागेल. मी म्हटलं, लाभार्थी वारला. मग म्हणाले, मयताच्या नोंदीत बदल करता येत नाही. आणि शिवाय आता पुरस्काराचा प्रस्ताव वर गेलाय, मध्येच हे कशाला? म्हणजे खोटं लिहायला जिवंत माणसाची नकळत केलेली सही चालली, आणि खरं लिहायला मेलेल्या माणसाने उठून यायला हवं. असल्या खात्यात मी जन्म काढला, आणि त्याचा अभिमान बाळगून चालत होतो, पेणच्या बाजारातून, पिशवी हलवत.

त्यांनी अर्ज परत दिला. मी तो घेतला नाही. टेबलावर ठेवून आलो. त्यांनी टोपलीत टाकला असेल तर टाकू दे, म्हणूनच तुझ्याशी बोललेलं हे सगळं लिहून छापायला देतोय. ज्याला चौकशी करायची त्याने करावी, पत्ता खात्याकडे आहे.

वेल मी तोडणार नाही. मी विचारलं होतं वहिनीला, उद्याच पत्रा खरवडून टाकतो म्हणून. ती म्हणाली, ‘‘कवळी शिराळी हायेत, घाई कसली हाय? सुकूं दे वेल.’’ तर वेल सुकला की जोह्याच्या त्याच पेंटरला घेऊन येतो. तोवर भात कापायला, वाल टाकायला येईन. आणि पुढच्या उन्हाळ्यात अर्धा राब भाजणार आहे, अर्धा नाही. बघतोच तू काय लपवलंस ते.

सध्या फॉर्मवरचा तो एक रकाना तेवढा इथे पुन्हा भरतो, जसा तू सांगितला होतास.

शेतकऱ्याचे नाव: हिराजी.
रासायनिक खतांचा पूर्वीचा वापर: नाय. कधीच नाय.

या वेळी सही माझी आहे.

— मातीवाला